काकांचं यंत्र

पाच देशांतल्या गोदामांचा अभ्यास करत संशोधक बाई आमच्या औषधांच्या गोदामात आल्या. माझ्या पायांचे तुकडे पडले होते आणि त्यांना मोजायची होती माझ्या मनाची तयारी. बदल स्वीकारताना काय वाटतं ते एक ते पाच आकड्यांत सांगा, म्हणाल्या. मी तीनवर खूण केली. तीन म्हणजे जाऊ दे.

बदल म्हणजे हातात धरायचं यंत्र, प्रत्येकाला आपापल्या नंबराचं. खोक्यावरच्या काळ्या रेघांच्या पट्टीवर रोखायचं, वाजलं की नोंद झाली. त्याआधी सगळं गोदाम काकांच्या डोक्यात होतं. काका आमच्यात सगळ्यात जुने. कुठलं औषध कुठल्या फळीवर, झोपेतून उठवून विचारा. पण यंत्र हातात आलं की त्यांची बटणं चुकायची. ज्याला जमणार नाही तो घरी, असं मॅनेजरने बजावलं होतं. काकांच्या निवृत्तीला आठ महिने होते, आणि आजारी काकूंचा दवाखाना कंपनीच्या कार्डावर चालायचा.

मी नवखी असताना काकांनीच मला सांभाळून घेतलं होतं. म्हणून आम्ही वाटणी केली. त्यांनी खोकं शोधायचं, मी दोन्ही यंत्रांवर नोंद करायची. आधी त्यांच्या, मग जीव उरला तर माझ्या.

तिथेच माती खाल्ली. मी जरा जास्तच इमानदारीने केलं. बाईंनी यंत्रांतल्या नोंदी मोजून अहवाल दिला. त्यात नावं गुप्त होती, पण यंत्रांचे नंबर मॅनेजरला पाठ. सगळ्यात लवकर जुळवून घेतलं काकांनी, शेवटचा नंबर माझा. मॅनेजर हरखला. सोमवारी काकाच सगळ्यांना शिकवतील आणि मी शिकायला पहिल्या रांगेत बसेन, असं त्याने जाहीर केलं.

मला संताप आला, खोटं कशाला बोलू. काका फळीला टेकून उभे होते. म्हणाले, "पोरी, मी सांगतो साहेबांना खरं. माझ्यापायी तुझ्या नावाला बट्टा नको."

"आणि काकूंचा दवाखाना?"

त्यांनी यंत्र माझ्यापुढे धरलं. मग तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना शिकवलं. जेवण राहिलंच.

सोमवारी काकांनी सुरुवात बरी केली. चुकलेली नोंद रद्द कशी करायची, तिथे त्यांचा हात थांबला. बाई वहीतून मान वर करून बघू लागल्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

मी हात वर केला. "काका, मला हे काही केल्या लक्षात राहत नाही. लाल बटण दोनदा दाबायचं ना?"

सगळे हसले. मॅनेजरने कपाळाला हात लावला.

"दोनदा," काका म्हणाले. आणि त्यांनी लाल बटण दोनदा दाबलं.

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि आम्ही कामाला लागलो. तिसऱ्या फळीवरून काकांनी पहिलं खोकं काढलं. मी सवयीने त्यांच्या यंत्रासाठी हात पुढे केला. त्यांनी ते खिशात घातलं.

"आधी तुझं," म्हणाले.