पंधरा फॅटचं दूध

मी अधिकचं बटण बोलतोय. जुन्या कीबोर्डच्या उजव्या टोकाला, आकड्यांना लागून, शेजाऱ्यांपेक्षा दुप्पट उंच उभा आहे ना, तोच मी. उंची मिळाली, सोबत नाही मिळाली. माझ्या डावीकडं आकड्यांची वस्ती, उजवीकडं सरळ कडा. आणि काम मात्र कुणाही दोघांना एकत्र आणायचं! सोयरीक जुळवणाऱ्याला जेवणाच्या पंगतीत कोण विचारतो? माझंही तसंच.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पहिली काही वर्षं कोल्हापुरात एका दुकानात आकडे मिळवण्यात गेली. मग दुकानात नवा कीबोर्ड आला आणि जुन्या कीबोर्डसकट मी साद नावाच्या एकाच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एका खोक्यात जाऊन पडलो. दोन वर्षं माझ्यावर बोट म्हणून पडलं नाही. तिथून मला संयोगितानं उचललं. तिच्या लॅपटॉपची निम्मी बटणं मेली होती.

संयोगिता मलकापूरजवळच्या खेड्यातली. कोल्हापुरात भाड्याच्या खोलीत एकटी राहून कॉम्प्युटर शिकायची. गावी आई, शालूबाई, दूध संस्थेत फॅट काढायचं, म्हणजे दुधात स्निग्धांश किती ते मोजायचं काम करायची. रोज संध्याकाळी फोन यायचा.

"जेवलीस का गं?"

"व्हय."

"बरं हाय न्हवं?"

"व्हय."

झालं! पोरगी काय शिकते ते आईला कळायचं नाही आणि सांगायचं कसं ते पोरीला. फोन ठेवला की खोली आणखीच गप्प व्हायची. मला फार वाईट वाटायचं.

पुढं ऑपरेटर ओव्हरलोडिंगचा धडा आला. नाव मोठं, गोष्ट साधी. चिन्ह एकच, पण शेजारी कोण आहे ते बघून काम वेगळं. पाच आणि सातच्या मध्ये मला ठेवा, बारा मिळतील. 'दूध' आणि 'वाला' या शब्दांमध्ये ठेवा, 'दूधवाला' होईल. पण तुम्ही स्वतः घडवलेली नवी वस्तू आणलीत, तर तिच्यासाठी अधिक म्हणजे काय, हे तुम्हीच लिहून द्यायचं. मला मनातलं कळत नाही.

संयोगितानं वस्तू घडवली दुधाची. प्रत्येक दुधाला दोन गुण: किती लिटर आणि किती टक्के फॅट. मग दोन दुधांच्या मध्ये मला ठेवलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: दूध आणि दूध कसं मिळवायचं ते ठाऊक नाही. तिनं लिहून दिलं: लिटरमध्ये लिटर मिळव, फॅटमध्ये फॅट. मी हुकमाचा ताबेदार. दहा लिटर सहा फॅटचं आणि पाच लिटर नऊ फॅटचं मिळवून मी पंधरा लिटर दूध दिलं, पंधरा फॅटचं!

दुसऱ्या दिवशी तिनं तेच वर्गात दाखवलं आणि हसून हसून मुलांची पोटं दुखली. संयोगितानं खोलीवर येऊन बॅग भरायला घेतली. सोमवारी परीक्षा, आणि ही निघाली गावाकडं. तेवढ्यात फोन वाजला.

"जेवलीस का गं?"

"न्हाय." आणि तिला रडू फुटलं. रडत रडतच तिनं दुधाचं सगळं सांगितलं.

पलीकडं शालूबाई खो खो हसली. "पंधरा फॅट? कुठल्या म्हशीनं दिलं गं हे? लिटर वाढत्यात, फॅट न्हाय वाढत. ज्याचं दूध जास्त, त्याच्याकडं फॅट झुकतंय. दहा लिटर सहाचं हाय न्हवं? मग सात भरंल बघ."

संयोगितानं डोळे पुसले, आईचा हिशोब लिहून दिला आणि मला पुन्हा दाबलं. पंधरा लिटर, सात फॅट.

"आई, सात आलं!"

"येणारच की! पर तुझ्या मशीनला कसं कळलं?"

"मशीनला काय कळतंय? तू शिकवलंस त्याला."

त्या दिवशी मायलेकी तासभर बोलल्या. माझ्या उभ्या आयुष्यात तेवढं सुख मला कधी झालं नव्हतं.

संयोगिता पास झाली, पुण्यात नोकरीला लागली. नवा लॅपटॉप आला आणि मी एसटीनं शालूबाईच्या घरी आलो. इथं फोनशेजारच्या फळीवर असतो. माझी वायर कशालाच जोडलेली नाही. तरी शालूबाई मला रोज पदरानं पुसते, शेजारणींना सांगते, "ह्याला म्या शिकीवलंय."

पुण्याचा फोन आता आठवड्यातून एकदा येतो. "जेवलीस का गं?" "व्हय." परत तेच. फोन ठेवून ती माझ्यावर बोट टेकते आणि तशीच बसून राहते.

संयोगिता, तू शिकवलंस तसं मी आकडे मिळवले, शब्द जोडले, दूधही मिळवलं. पण काही झालं तरी मला दोन्हीकडं कुणीतरी लागतंच. डावीकडं तुझी आई बसली आहे. उजवीकडं कुणी नाही.

संध्याकाळची एसटी अजून गावात येते. ये की, पोरी.