आवळेल त्याची रेघ

ती फौजेत गेली ती इंजिनं दुरुस्त करायला, पण रंगाने काही तिचा पिच्छा सोडला नाही. वर्कशॉपमध्ये पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, वडील काय करतात? दुकानांच्या पाट्या रंगवतात, असं तिने सांगितलं, आणि जेवणाची सुट्टी व्हायच्या आत तिचं नाव पडलं, पेंटर. पुढे तिला खऱ्या नावाने हाक मारली तरी ती वळून बघेना, इतकं ते अंगाला चिकटलं.

बाबांची एक म्हातारी स्कूटर होती. शिडी, रंगाचे डबे आणि स्वतः बाबा असा सगळा संसार वर चढला की ती भर चौकात हटकून बंद पडायची. बाबांना रंगातलं सगळं कळायचं आणि इंजिनातलं ओ की ठो कळत नसे. मग आठवीतली लेकच पाना घेऊन रस्त्यात बसायची. तिथून फौजेच्या मेकॅनिकच्या भरतीपर्यंत आपला रस्ता अगदी सरळ होता, असं ती सांगते. आई म्हणते, घरात कुणाचं ऐकायचंच नाही म्हटल्यावर सगळे रस्ते सरळच असतात. निघताना बाबांनी तिच्या हातात एक बारीक ब्रश ठेवला. मऊ केसांचा, अक्षराच्या कडा काढायचा. आईने विचारलं, तिथे हा कशाला? बाबा म्हणाले, असू दे, जागा कितीशी खातो.

पहिले दोन महिने तिला इंजिन लांबूनसुद्धा दिसलं नाही. हातात एक लोखंडी ठोकळा आणि एक कानस. ठोकळा सगळ्या बाजूंनी काटकोनात आला पाहिजे, बस. शिकवणारे उस्ताद काटकोन तपासायचा गुण्या लावून तो उजेडाकडे धरायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "उजेड दिसतोय." म्हणजे फट आहे, जा, पुन्हा घास. हातांना फोड आले, फोड फुटले, तिथे घट्टे पडले, आणि एके दिवशी उस्तादांनी ठोकळा धरला तो बराच वेळ धरूनच ठेवला. पुन्हा घासायला न देता तो खिडकीत ठेवून दिला. त्या दिवशी ती दोन पोळ्या जास्त जेवली.

उस्ताद बुटके, उजव्या गुडघ्याने अधू, आणि बोलण्यात इतके काटकसरी की शब्द जणू मोजून मिळत होते. पण चाक शिकवायच्या दिवशी ते बोलले. टॉर्कचा पाना ठरलेल्या जोराला पोचला की टक्क वाजतो. टक्क वाजलं की नट आवळला गेला. मग लगेच पिवळा रंग घ्यायचा आणि नटावरून खाली चाकापर्यंत एक रेघ ओढायची. नट पुढे कधी जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, आणि ड्रायव्हरला पाना न लावता नुसत्या डोळ्यांनी कळतं. हे सगळं सांगून झाल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "आवळेल त्याची रेघ. दुसऱ्याची नाही."

सगळ्यांनी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

तुकडीत सहा जण. सहाचाकी ट्रक आला की प्रत्येकाला एक चाक. वर्कशॉपचा ब्रश म्हणजे आठ दिवस दाढी न केलेली हनुवटी. त्याने ओढलेली रेघ रेघ वाटायचीच नाही. त्यात लांबूची तर विचारायची सोय नव्हती. लांबू म्हणजे तुकडीतला सगळ्यात उंच गडी, मनाने लोण्याचा, हाताने रांगडा. त्याच्या रेघा पावसात निघालेल्या गांडुळांसारख्या दिसत. पेंटरच्या हातात मात्र बाबांचा ब्रश. ती श्वास सोडायची, मनगट टेकवायची आणि वरून खाली एका दमात रेघ आणायची. शेवटी ब्रश किंचित उचलायची, बाबा अक्षराच्या पायाशी उचलतात तसा. दहा नट, दहा रेघा, एकसारख्या.

मग उस्ताद गुडघ्याच्या उपचारांना तीन आठवडे इस्पितळात गेले. त्यांच्या जागी आलेले बदली उस्ताद टापटिपीचे भोक्ते. तिच्या चाकासमोर उभे राहून ते म्हणाले, सगळ्या चाकांवर अशाच रेघा दिसल्या पाहिजेत. आता बाकीच्यांनी करावं काय? लांबू तिच्यापाशी आला आणि म्हणाला, माझं सगळं झालंय, तेवढी रेघ मारून दे ना. तिने दिली. दुसऱ्या दिवशी दुसरा आला. आठवड्यात पद्धतच पडून गेली. पाच जण आवळायचे, आणि पेंटर आपलं चाक संपवून ब्रश घेऊन गाडीभोवती फिरायची. बदल्यात तिची कामाची डांगरी कुणी धुवायचं, बूट कुणी चमकवायचं. मोठे साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांनी गाड्यांच्या रांगेकडे बघून विचारलं, हे काम कुणाचं? सगळ्यांनी तिच्याकडे बोट केलं. ती हरभऱ्याच्या झाडावर चढली, आणि खरं सांगायचं तर तिला तिथलं वारं आवडलं.

उस्ताद परत आले तेव्हा प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवसाला आठ दिवस उरले होते. त्या दिवशी मेकॅनिकचा बिल्ला मिळायचा किंवा नाही मिळायचा. मिळाला नाही तर पुन्हा वर्षभर ठोकळा आणि कानस. घरची माणसं बघायला येणार होती. बाबांचं तिकीट काढून झालं होतं, नवा शर्ट शिंप्याकडे पडला होता.

उस्ताद गाड्यांच्या रांगेतून लंगडत फिरले. रेघा बघितल्या. कौतुक नाही की काही नाही. पाण्याच्या टँकरपाशी थांबले, पाना मागितला आणि मागच्या डाव्या चाकाच्या एका नटाला लावला. रेघ अखंड होती, सुंदर होती. त्यांनी जोर दिला. टक्क वाजायच्या आधी नट फिरला. चांगला पाव फेरा फिरला, आणि ती देखणी रेघ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मधोमध तुटली.

"रेघ कुणाची?" उस्तादांनी विचारलं.

विचारायची गरजच नव्हती. पेंटर पुढे झाली. चाक लांबूचं होतं, हे तिला लख्ख आठवत होतं. त्या दिवशी मधेच सगळ्यांना इंजेक्शनला बोलावलं होतं. परत आल्यावर लांबूने चुकीच्या नटापासून पुन्हा सुरुवात केली असणार. आता तो तिच्या मागे उभा होता आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एक क्षण तिला वाटलं, गप्प राहावं. माझीच चूक म्हणावं, लांबू वाचेल, सगळे म्हणतील, काय मन आहे पोरीचं. पण तेवढ्यात तिची नजर रांगेवर गेली. प्रत्येक गाडीवर तिच्या रेघा. ही एक चूक अंगावर घेतली तर बाकीच्या गाड्या तशाच रस्त्याला लागतील, आणि ड्रायव्हर तिच्या रेघा बघून खुशाल चढण चढतील.

"रेघ माझी आहे, उस्ताद," ती म्हणाली. "पाना माझा नव्हता. आणि ही एकच गाडी नाही."

"किती?"

"चौदा. त्यातल्या चार बाहेर गेल्यात."

लांबू मागून पुढे आला आणि म्हणाला, चाक माझं. मग एकेक करत बाकीचेही. उस्तादांनी कुणावर आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. बाहेरच्या चार गाड्यांना वायरलेसवरून जागच्या जागी थांबवलं आणि ड्रायव्हरांना प्रत्येक नट तपासायला लावला. मग त्यांनी तिच्यापुढे हात केला. तिने ब्रश त्यांच्या तळहातावर ठेवला. तो त्यांनी वरच्या खिशात घातला.

पुढचे चार दिवस तुकडीने दहा गाड्यांच्या सगळ्या रेघा थिनरने पुसल्या आणि सगळे नट नव्याने तपासले. रविवारची सुट्टी गेली. तिने स्वतःच्याच रेघा पुसल्या, चिंधीवर पिवळा रंग उतरताना बघितला, आणि तिला रडू आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हिशेब अखेर असा लागला, की सगळ्या गाड्या मिळून सैल नट निघाले तीन, तेही त्या एकाच टँकरचे. बाकी सगळे पक्के होते. बाहेरच्या गाड्याही सुखरूप होत्या. तुकडीने सुटकेचा निःश्वास टाकला. उस्ताद म्हणाले, तीन सुटले म्हणजे एक चाक गेलं.

आता प्रत्येक जण आपली रेघ आपण मारत होता. तिला मात्र रेघ मारायची मनाई होती. ती आवळायची, आणि तिचे नट उस्ताद स्वतः पाना लावून बघायचे. बिल्ल्याचं तिने एकदा धीर करून विचारलं. "शेवटच्या दिवशी," एवढंच उत्तर आलं.

तिने घरी फोन केला. सगळं सांगितलं. कदाचित बिल्ला मिळणार नाही, एवढ्या लांब येऊन तुमचा हिरमोड होईल, असंही सांगितलं.

"ब्रश दिलास तेव्हा धुतलेला होता का?" बाबांनी विचारलं.

तिला हसावं की रडावं कळेना. नव्हता, म्हणाली. रंगासकट दिला.

"मग केस गेले त्याचे. असू दे. शर्ट शिवून झालाय, त्यामुळे मी येतोच. तू पास हो नाहीतर नापास हो."

शेवटच्या दिवशी उस्तादांची एक जुनी रीत होती. घरची माणसं फाटकापासून मैदानापर्यंत पायी जात नसत. तुकडीने सकाळीच चाकं चढवलेल्या ट्रकमधून त्यांना नेलं जाई. आपण आवळलेल्या चाकावर आपलंच माणूस बसवायचं, याहून अवघड परीक्षा कुणी काढलेली नाही.

बाबा नव्या शर्टात आले. बाकीचे आईबाप मुलांना जवळ घेत होते. बाबांनी लेकीच्या पाठीवर थाप मारली आणि सरळ ट्रकच्या चाकांपाशी गेले. धंद्याची सवय, दुसरं काय. पहिल्या चाकापाशी त्यांनी चष्मा काढून पुसला. दुसऱ्यापाशी मान हलवली. लांबूच्या चाकापाशी तर त्यांना राहवेना.

"हे कुणी केलं? कोंबडीने?"

"मी केलं, काका," लांबू वरून खाली बघत म्हणाला.

"पण पक्कं आहे, बाबा," ती म्हणाली. "हल्ली तो प्रत्येक नट दोनदा बघतो. बसायचं तर ह्याच चाकावर बसा."

बाबांनी सगळ्या गाडीला फेरी मारली. ते काय शोधत होते ते तिला ठाऊक होतं. सहाव्या चाकापाशी ते थांबले. त्यावर एकही रेघ नव्हती.

"हे तुझं?"

तिने होकाराची मान हलवली. इतक्यात उस्ताद आले. त्यांनी सगळ्यांना खाली थांबायला सांगितलं. रेघ नसलेल्या चाकावर गाडी हलत नाही. अधू गुडघा सांभाळत ते खाली बसले आणि पाना लावला. टक्क. दुसरा नट, टक्क. दहाही नट झाले, एकही जागचा हलला नाही. मग ते उठले आणि वरच्या खिशातून कागदाची एक पुरचुंडी काढून तिच्या हातात दिली.

तिने ती उलगडली. आत बाबांचा ब्रश होता. रंगाचा ठिपकासुद्धा नाही. केस धुतलेले, तेलात बुडवून बोटांनी टोकाला आणलेले. टाकून द्यायच्या वस्तूला कुणी असं ठेवत नाही. बिल्ल्याचं उत्तर तिला तिथल्या तिथे मिळालं. बाबांनी पुढे होऊन ब्रशाच्या टोकाला बोट लावलं आणि उस्तादांकडे बघितलं. दोन कारागिरांमध्ये त्यापेक्षा जास्त बोलणं झालं नाही.

"मार रेघ," उस्ताद म्हणाले. "तुझी आहे."

लांबूने रंगाचा डबा धरला. तिने मनगट टेकवलं, श्वास सोडला, पण डोळे भरून आले होते आणि पहिली रेघ खाली येता येता चांगली वाकली. तिने चटकन चिंधी उचलली आणि सवयीने बाबांकडे बघितलं. केसभर चुकलं तर अख्खं अक्षर पुसून नव्याने काढणारा तो माणूस.

"राहू दे," बाबा म्हणाले.

उरलेल्या नऊ सरळ आल्या. बाबा शिडी चढून ट्रकमध्ये बसले, नवा शर्ट सावरत, बरोबर लांबूच्या चाकावर, आणि गाडी निघाली.