माइकला घातलेली कानटोपी

दचकू नका, मी एक कानटोपी बोलतेय. खरं तर दचकायचा मान माझा. होडीचं इंजिन धडधडलं, बर्फाची लादी आपटली, कुणी लांबून हाक मारली, की माझी लोकर उभी राहते.

माझा जन्म पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला. फेलिशियाआत्यानं भाचीच्या बाप्तिस्म्यासाठी उरलेल्या हिरव्या लोकरीतून मला विणलं. भाची म्हणजे प्रिस्का. मासळीचा लिलाव सुरू झाला की ती पाळण्यात किंचाळून उठायची, म्हणून तिची आई व्हेरोनिका मला तिच्या कानांवर ओढून ठेवायची. आम्ही दोघी एकमेकींना धरून घाबरायचो.

मग प्रिस्काचं डोकं वाढलं, मी काही वाढले नाही. पेटीत गेले, डांबराच्या गोळ्यांशेजारी. वीसेक वर्षं! माणसं बाळपणीचे कपडे टाकतही नाहीत आणि बघतही नाहीत, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

गेल्या वर्षी अचानक पेटीचं झाकण उघडलं. प्रिस्का कॉलेज संपवून घरी आली होती. एका संस्थेनं तिला वर्षभराचा निधी दिला होता. वस्तीतल्या बायकांनी आपल्या गोष्टी आपल्याच बोलीत सांगायच्या, प्रिस्कानं त्या रेकॉर्ड करून दर रविवारी सगळ्यांच्या फोनवर पाठवायच्या. कार्यक्रमाचं नाव 'बंदरावरून'. पहिल्या भागात ऐकू काय आलं? नुसता भर्रर्र वारा. प्रिस्का रडकुंडीला आली. व्हेरोनिका म्हणाली, "बाय, याच्या कानात वारा शिरतो. टोपी घाल त्याला."

झालं! नाडीसकट मी माइकच्या डोक्यावर.

काय सांगू, पुनर्जन्मच तो! बायका बोलण्याआधी पदर सावरायच्या, जणू मला दिसतंय. "आमचं बोलनं कोन ऐकनार?" असं विचारणारी बाई पुढच्या रविवारी स्वतःचाच आवाज चारदा लावून ऐकायची. लग्नाच्या दिवशी होडीतून पाण्यात पडलेल्या नवऱ्याची गोष्ट तर पलीकडच्या कळंब गावापर्यंत पोचली.

वर्ष संपत आलं आणि संस्थेच्या विनया मॅडम बंदरावर आल्या. लिलाव नुकताच आटोपला होता. माइक प्रिस्काच्या हातात, मी माइकवर.

"काम छान आहे," मॅडम म्हणाल्या, "पण पुढच्या वर्षी निधी हवा असेल तर सहा तरी दुःखाच्या गोष्टी लागतील. बुडालेल्या होड्या, गेलेली माणसं. माणसं हसताना दिसली की ऑफिसातल्यांना गरजच दिसत नाही गं."

प्रिस्काची मान हलू लागली, होकारार्थी. घाबरली की ती हो म्हणते. निधी थांबला तर माइक परत करायचा आणि रविवार मुका.

एवढ्यात व्हेरोनिका मासळीची पाटी खाली ठेवून पुढे झाली. "सहा? येवढं रडं आनू कुठून? दोन घ्या."

"मावशी, हा काय मासळीबाजार आहे?"

"मंग तुमी उभ्या कुठं हाय?"

आजूबाजूच्या बायका फिसकन हसल्या. मॅडमनाही हसू आवरेना, पण हटल्या नाहीत. "बरं, पाच."

व्हेरोनिका तोंड उघडणार, तोच प्रिस्कानं तिचा हात धरला. "आई, थांब. भाव मी करते."

मी गारठलेच.

"दोन," प्रिस्का म्हणाली. "त्याही ज्यांना आपणहून सांगायच्या असतील त्यांच्याच. मी कुणाच्या दारात जाऊन रडा म्हणणार नाही."

"मग मला नाही जमायचं." मॅडम रिक्षाकडे चालू लागल्या.

प्रिस्कानं माइक छातीशी घट्ट धरला. आत नुसती धडधड! हाक मार, मार ना, मी मनात ओरडत होते. व्हेरोनिका पुटपुटली, "बोलवू नको. गिऱ्हाईक मागं बघतं का, येवढंच बघ."

मॅडमनी रिक्षाच्या दांडीवर हात ठेवला. आणि मागे बघितलं.

"तीन?"

"दोन. आणि वर एक हसायची, फुकट."

मॅडम हसत परत आल्या. मग माइककडे बघून थबकल्या. "हे चालू होतं की काय?"

प्रिस्का एवढी दचकली की मी पडता पडता वाचले. "सॉरी, सॉरी! लगेच पुसते."

"पुसू नकोस. ऑफिसात हेच ऐकवते. भांडण झालंच तर ते माझ्याशी होईल."

झालं म्हणे भांडण, थोडंसं. पण निधी आला. त्यातून माइकसाठी नवं केसाळ टोपडंही आलं. व्हेरोनिकानं ते लांबूनच पाहिलं. "मेल्या मांजराशी आमी नाय बोलनार!" त्यामुळे माझी नोकरी शाबूत आहे, दोन टाके उसवले असले तरी.

दुःखाची पहिली गोष्ट एका म्हाताऱ्या बाईनं परवा आपणहून सांगितली. मी ओली झाले. कुणी कुणाला पिळलं मात्र नाही.

बरं, येते मी, प्रिस्का हाक मारतेय. तुम्हाला कधी कुणाच्या गोष्टीसाठी पैसे द्यावेसे वाटले, तर जरूर द्या. आणि मग गप्प बसून ऐका. हसायचं की रडायचं, ते बोलणारीला ठरवू द्या.