बडीशेपेचा पाव

जिन्याखाली सैतानाचा नाक नसलेला मुखवटा टांगलेला आहे.

समोरच्या अंगणात कुणीतरी ट्रॉम्बोनवर एकच ओळ वाजवतंय. चुकतंय. परत पहिल्यापासून.

अंगुस्तान्याच्या डबीत घडी घातलेलं बसचं तिकीट.

आईच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

वालेरियोकाकांचे गुडघे बसताना वाजतात, उठताना वाजत नाहीत.

‘महोत्सवात तुम्ही फुकट का राबता?’ रेडिओवरची मुलगी कुणाला तरी विचारतेय.

पलंगाखाली धूळ, एक चप्पल, आणि मी.

*

हो, मी. नोएमी. वय चौतीस, धंदा शिवणकाम. गुरुवारची दुपार होती, दार वाजत होतं आणि दाराबाहेर पाव होता.

आमच्या सान ओनोराटो आळीत कुणाला ‘कामाला ये’ असं सांगत नाहीत. पाव घेऊन येतात. ताटाएवढा, गोल, वरून चकचकीत, भरतकामाच्या कापडात गुंडाळलेला, सोबत दारूचा छोटा पेला. ह्याला हुर्का म्हणतात. तुकडा तोंडात टाकलात की तुम्ही बांधले गेलात. रीत मूळची देवाच्या जत्रेची. पुढे आळीचा कलामहोत्सव सुरू झाला, आठवडाभर नाच, मुखवटे, रस्त्यावरची नाटकं, तेव्हा त्यालाही तीच लागली. पाव खाल्लेल्यांपैकी कुणी सूप रांधतं, कुणी बाकं वाहतं, कुणी उंच काठ्यांवर चढून चालतं. मी पंख शिवते. कोंडोर गिधाडाच्या नाचाचे पंख, चिंध्यांची पिसं एकाखाली एक लावून केलेले. आळीत ते दुसऱ्या कुणाला जमत नाहीत म्हणे. कुणी करून पाहिल्याचं मला आठवत नाही.

यंदा मला पाव नको होता. आरेकिपा शहरात माझी मामेबहीण रोसाउरा लोकरीच्या कोटांच्या कारखान्यात आहे. तिथे एक मशीन रिकामं झालं होतं. सोमवारी हजर झाले तर ते माझं, नाहीतर दुसरीचं. बस शनिवारी सकाळी होती. महोत्सव रविवारपासून. म्हणजे मला फक्त शनिवारपर्यंत पाव खायचा नव्हता. जगात ह्याहून सोपं काय असेल?

मी बटाटे खात होते. मका खात होते. पावाच्या भट्टीच्या रस्त्याने जात नव्हते. शेवटी शेवटी कुठल्याच रस्त्याने जात नव्हते.

*

“एदुविखेसबाई, नोएमी आहे का?” वालेरियोकाका. यंदा महोत्सव त्यांच्या गळ्यात होता.

“नाही,” आई दाराआडून म्हणाली.

“आत्ता मशीन वाजत होतं.”

“मी चालवत होते.”

“तुम्हाला दिसत नाही हो.”

“म्हणूनच सारखं अडत होतं.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. ती सोरायदा. शेजारीण, महोत्सवात ढोल वाजवते, आणि एरवीही. “काकू, आम्ही बसतो मग इथेच. येईल तेव्हा येईल बिचारी.”

गुडघे वाजले. बसले ते पायरीवर.

आमच्या घराला एक दार आहे. दुसरं अंगणात उघडतं, आणि अंगण सोरायदाच्या गच्चीखाली आहे. संडास अंगणात. हे सगळं मला पलंगाखाली गेल्यावर आठवलं.

*

रेडिओ:

‘मी उंच काठ्यांवर चालतो. का म्हणजे? वरून माझ्या मेव्हण्याचं टक्कल दिसतं. वर्षभर तो मला अक्कल शिकवतो. एक आठवडा मी वर.’

‘सूप करते मी. घरी बसले तर नवरा बोलतो.’

‘ट्रॉम्बोन. माझ्या बापाने पाव खाल्ला होता, आणि महोत्सवाच्या आधीच गेला. मग कोण वाजवणार? मला ट्रॉम्बोन येत नाही. तुम्हाला ऐकू आलंच असेल.’

*

“नोएमी,” वालेरियोकाका दाराशी बोलू लागले. “तू घरात नाहीस हे आम्हाला कळलंय. म्हणून मी दाराला सांगतो. दारा, बाबा, तिला निरोप दे. उंदरांनी गेल्या वर्षीचे पंख खाल्ले. नुसत्या बांबूच्या काड्या उरल्यात.”

“कोंडोर कसला, छत्री मोडल्यासारखा दिसतोय,” सोरायदा.

दार काही बोललं नाही. धूळ माझ्या नाकात चढत होती. शिंक आली असती तर आरेकिपा गेलं असतं.

‘मी?’ रेडिओवर आईचा आवाज आला. मी दचकले, डोकं पलंगाच्या फळीवर आपटलं. बाजारात गाठलं असणार तिला त्या मुलीने. ‘मी नाही हो काही करत. मुलगी पंख शिवते, मी शेजारी बसून सुई ओवून देते. आता भोक दिसत नाही मला. बोटांनी चाचपत बसते. तिला घाई असते तरी ती सुई माझ्याकडेच देते. वर्षातले तेवढेच दिवस…’ पुढे ट्रॉम्बोन आला.

स्वयंपाकघरात आईने रेडिओ बंद केला. पलंगाखालून मला तिची पावलं दिसत होती. ती तिथेच थांबली होती. चुलीकडेही नाही, दाराकडेही नाही.

बऱ्याच वेळाने बाहेर हालचाल झाली. “राहू दे,” वालेरियोकाका म्हणाले, आता दाराशी नाही, कुणाशीच नाही. “ओढून आणलेला माणूस टाके पण ओढलेलेच घालतो. यंदा कोंडोर बिनपंखांचा नाचेल. चला.” पावाचं कापड सळसळलं. पायऱ्या उतरले.

मी बाहेर आले. केसांत जळमटं. आई म्हणाली, “गेले.” मी म्हणाले, “गेले.” आणि मी बॅग भरायला घेतली. आई बॅगेकडे बघत नव्हती, म्हणजे बघतच होती.

*

शुक्रवार. दुपारी आईने पुडिंग केलं. दूध, अंडी, मनुका, आणि कपाटात उरलेले शिळे पाव. ती नेहमी करते. मी उद्या जाणार म्हणून केलंय असं मला वाटलं, म्हणून मी भराभर खाल्लं. दुसरा तुकडा मागितला. तोही संपत आला तेव्हा दाताखाली काहीतरी आलं.

बडीशेप.

आमच्या भट्टीवर बडीशेप एकाच पावात घालतात.

“आई, हा पाव कुठला?”

“घरातला.”

“आई.”

“पावासारखा पाव.”

“आई, बडीशेप आहे ह्यात.”

ती ताट उचलायला लागली. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, “वालेरियोंनी सकाळी भिंतीवरून दिला. तू झोपली होतीस. म्हातारा माणूस, नको कसं म्हणणार? कपाटात ठेवला. मग पुडिंग करताना हाताला लागला तो घेतला. मला काय दिसतं?”

मी तोंडात बोटं घातली. काही उपयोग नव्हता. एक मनुका आली.

*

“पुडिंग हिशेबात धरत नाहीत,” मी अंगणात म्हणाले. सोरायदा गच्चीवरून वाकली होती, आणि तिने हाक मारलेले वालेरियोकाका दारात उभे होते. “तुकडा आपल्या हाताने मोडायचा असतो. पेला घ्यायचा असतो. मला कुणी विचारलं नाही. मला कुणी सांगितलं नाही.”

“पेला नाही घेतला हे खरं,” वालेरियोकाका म्हणाले. टोपी हातात घेऊन ते तिच्या कडेवरून बोट फिरवत होते.

“त्यात काय, मी टाकते खाली,” सोरायदा म्हणाली. “झेल.”

“सोरायदा!”

“अगं, साबिनोच्या कुत्र्याने हुर्काचा पाव पळवला होता, आठवतंय? कुत्र्याने खाल्ला आणि साबिनोने निशाण उचललं. आणि कुत्र्याने दुसरा तुकडा मागितला नव्हता.”

वालेरियोकाका हसले नाहीत. “पोरी, जायचं तर जा. कुणी बस अडवणार नाही. उद्या बॅग जड असली तर मी स्टँडपर्यंत येतो.”

“बघा! त्यांनीच सांगितलं,” मी म्हणाले.

वालेरियोकाकांनी टोपी डोक्यावर ठेवली. सोरायदा गच्चीवरचे कपडे गोळा करायला लागली. आणि मला अंगण हळूहळू लहान होताना दिसलं.

*

एलिओदोरो नावाचा एक माणूस पाव खाऊन लिमाला निघून गेला होता. त्याला काय झालं? काही नाही. बरं चाललंय म्हणतात, दुकान आहे.

त्याची आई इथेच राहिली. सगळे तिला वाटेत थांबून विचारायचे, कशा आहात, थंडी फार आहे ना? वाऱ्याने तिच्या छपराची कौलं उडाली. सगळे तिला विचारायचे, कौलं उडाली का हो? शिडी घेऊन कुणी आलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं. सगळ्यांना काही ना काही काम होतं.

*

शनिवारी सकाळी मी स्टँडवर गेले. हे सांगायचं राहू नये. बॅग घेऊन गेले, वालेरियोकाकांना न सांगता. बसच्या पायरीवर एक पाय ठेवला. मागचा माणूस म्हणाला, “बाई, चढा किंवा उतरा.” मी म्हणाले, “हो.” तो म्हणाला, “हो काय?” बसच्या आरशात आमची टेकडी दिसत होती, सगळी छपरं एकमेकांना टेकलेली. आमच्या घराचं कुठलं ते ओळखू येत नव्हतं. मी शोधत राहिले. शोधायलाच नको होतं.

स्टँडवरून रोसाउराला फोन केला.

“येत नाहीये.”

“का?”

“पाव खाल्ला.”

ती पण सान ओनोराटोचीच. “कुणाच्या हातून?”

“पुडिंगातून.”

“अरे देवा. मशीन दुसरीला देतील गं.”

“माहितीये.”

“मी तर इथे आले तेव्हा बिस्किटंसुद्धा बघून खात होते,” ती म्हणाली. मग म्हणाली, “आत्याला सांग, आठवण काढते.”

घरी आले तेव्हा आई खिडकीशी बसली होती. समोर चिंध्या रंगांप्रमाणे लावलेल्या, काळ्या एकीकडे, राखाडी एकीकडे, मानेसाठी पांढऱ्या. हातात सुई आणि दोरा. बॅग कुठे होती, मी कुठे गेले होते, काही विचारलं नाही. बोटांनी चाचपत होती. दोरा भोकाजवळ जायचा, चुकायचा, ती तो ओठांनी ओला करायची, परत. समोरच्या अंगणात ट्रॉम्बोन.

मला ते हिसकावून घ्यावंसं वाटलं. सुई, दोरा, खिडकी, सगळं.

मी बसले. ती म्हणाली, “झाली.” मी सुई घेतली.

*

टाका. पीस. टाका. पीस. एका पंखात एवढी पिसं लागतात की मधेच आपण कोण ते विसरायला होतं. मग पीस संपतं आणि आठवतं.

“दुसरी दे,” मी म्हणायचे.

“थांब जरा.”

“आई, मीच ओवते.”

“थांब म्हटलं ना.”

*

रविवारी कोंडोर नाचला. पंख चांगले झाले होते. त्याचा मला रागच आला. चढावर नाचणाऱ्याचा डावा पंख खांद्यापाशी उसवला, आणि मी दातांत सुई धरून त्याच्यामागे पळत होते, तो गोल फिरत होता, मी पण गोल फिरत होते, लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं हा नाचाचाच भाग आहे. सोरायदा ढोल बडवत ओरडली, “शिव, गिधाडाची आई, शिव!”

सूपवाल्या बाईने मला वाटी दिली. काठ्यांवरून कुणीतरी मेव्हण्याच्या टकलाला हात लावला. ट्रॉम्बोनची ती ओळ एकदाच बरोबर आली, आणि वाजवणाऱ्याचं तोंड असं झालं की मी मान वळवली.

रेडिओवरची मुलगी गर्दीतून आली, माझ्या तोंडापुढे यंत्र धरलं. “ताई, तुम्ही फुकट का राबता?”

मी दातांतली सुई काढली. “पाव खाल्ला म्हणून.”

आजूबाजूचे सगळे खदाखदा हसले. त्यांच्यातल्या कुणाला हे सांगून पटवायची गरज नव्हती. मुलगी म्हणाली, “पण खरं कारण?” आई पलीकडच्या बाकावर बसली होती. दोऱ्याने बांधलेला चष्मा नाचाकडे लावलेला, पण कान इकडे. तिच्या मांडीवर ओवून ठेवलेल्या सुयांची उशी होती. लागतील तर, म्हणून.

मी म्हणाले, “हेच.”

गुरुवारी वालेरियोकाका पाव घरी परत घेऊन गेले होते. शुक्रवारी सकाळी आई चढ चढून त्यांच्याकडे गेली आणि तो मागून आणला.