तानाबाईच्या पोटातलं विरजण

शिरोळच्या तानाबाईचं दही, खोटं सांगत नाही, विळीवर चिरावं लागायचं. एका महापुरात तिचं दह्याचं मडकं चुलीपुढनं उठलं ते वाहत थेट कर्नाटकात गेलं. तिथल्या माणसांनी परत आणून दिलं, तरी आतलं दही डुचमळलं नव्हतं. त्या तानाबाईच्या पोटात आता पेजसुद्धा ठरेना.

न्युमोनिया झाला म्हणून कोल्हापूरच्या दवाखान्यात तिला जबर अँटिबायोटिक्स दिली. छाती मोकळी झाली आणि जुलाब लागले. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला, जोतीरामला, समजावलं, "औषधानं वाईट जंतूंबरोबर पोटातले चांगलेही मेले. या पुड्यांत चांगले जंतू आहेत, विरजणच समजा. गुण येईलच असं नाही, पण बघू. आणि मीठसाखरेचं पाणी सारखं पाजा."

जोतीरामच्या कानात विरजण तेवढं शिरलं. बाकीचं दुखणं त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं; हे एक ओळखीचं सापडलं.

घरी येताच त्यानं पुडी कोमट दुधात कालवून पाजली, तानाबाईला घोंगड्यात गुंडाळलं आणि राखण करत बसला. विरजलेलं भांडं हलवू नये, हे काय शिकवायला पाहिजे?

दुपारी शेजारची मोना डोकावली. "काकी कशी हाय?"

"हळू बोल. विरजण लावलंय."

"कशात?"

"तिच्यात."

"काकी काय गाडगं हाय व्हय, काका?" मोनाला हसू फुटलं, पण तानाबाईचे सुकलेले ओठ बघून ते विरलं. "पाणी दिलंसा का?"

"दह्यात पाणी कोण घालतंय? फुटंल की."

मोनानं तिथंच दवाखान्यात फोन लावला. पलीकडून डॉक्टरीणबाई ओरडल्या ते जोतीरामलाही ऐकू आलं. "आधी पाणी पाजा. मग तशाच घेऊन या."

मोना गाडी बघायला पळाली. जोतीरामनं चमच्यानं पाणी ओठाला लावलं. ते गालावरनं ओघळलं.

"गीळ की, ताने."

तिनं डोळे किलकिले केले. "अवं, घोंगडं काढा. उकडतंय."

त्यानं घोंगडं सोडलं. आतनं जेवढीशी तानाबाई निघाली, ती बघून उरलेली कुठं गेली म्हणून त्यानं खुळ्यासारखं घोंगडं झटकून पाहिलं. मग पुन्हा चमचा भरला. तिची मान हातावर उचलून धरली आणि तो ओठाला लावला.