सुमोचा अंबाडा

पोट आपलं, त्याला लाजायचं काय, असं राजशेखर लातुरातल्या आपल्या गाद्यांच्या दुकानात बसून वर्षानुवर्षं म्हणत आले होते. त्या पोटाला खरं काम मिळालं ते लेकीमुळे. नांदेडला अ‍ॅनिमेतल्या, म्हणजे जपानी कार्टून मालिकांतल्या, पात्रांच्या वेशभूषेची स्पर्धा होती. अक्षराची बारावी तोंडावर आलेली, त्यामुळे यंदा नाही तर मग कधी कोण जाणे.

घरात जेवणं उरकली की चौघं टीव्हीपुढे बसत. राजशेखरची बायको दामिनी पडद्यावरच्या इंग्रजी ओळी वाचून सासूला, पार्वतम्मांना, मराठीत सांगे आणि मधेच स्वतःचंही घुसडे. "हा म्हणतो मी जिंकून येईन. कशाचा येतोय." पार्वतम्मांची लाडकी मालिका सुमो पैलवानांच्या आखाड्यातली होती. तिची नायिका पैलवानांचे केस बांधणारी पोरगी. अक्षरा ती होणार होती आणि तिचा थोराड पैलवान होणार होते तिचे अप्पा.

गादीच्या जांभळ्या खोळीचा कमरपट्टा झाला. केसांचा टोप आला, त्यावर दामिनीनं ऐटदार अंबाडा बसवला. अक्षरानं फोटो काढले आणि मग एक फोटो मोठा करून बघत राहिली. अप्पांच्या उघड्या छातीवर इष्टलिंगाची चांदीची डबी होती. लिंगायत दीक्षा झाल्यापासून ती त्यांनी अंगावेगळी केली नव्हती. आणि पात्राच्या अंगावर नाही ते तुमच्या अंगावर दिसलं की गुण कापणार, असा स्पर्धेचा नियम होता.

तिनं काही मागितलं नाही, हेच राजशेखरना लागलं.

"शेजारच्या दयानंदकाकाला घे," ते म्हणाले.

"दयानंदकाका? वाऱ्यानं उडतील ते. मला तुमीच पायजे, अप्पा. कापू दे गुण."

"दिवाळीपासून राबायलीस. माझ्यापायी हरायचं न्हाई. मी येत न्हाई."

टोप कपाटावर गेला. दुसऱ्या दिवशी टीव्हीही लागला नाही.

"का गं, कुणी गेलंय का?" पार्वतम्मांनी विचारलं. दामिनीनं सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि लेकाकडं बघितलं.

"लिंग बेंबीच्या खाली न्हाई चालत. वर कुठंबी चालतंय. गळा, छाती, काख, डोकं. माझे आजोबा नदीत उतरताना डोक्याला बांधायचे, वरून पटका. आन् तुला हे यवढं बोचकं डोक्यावर दिलंय ते कशाला रे?"

दामिनीनं अंबाडा पोकळ केला. डबीचा दोरा राजशेखरनी स्वतःच्याच डोक्याला बांधला, वरून टोप. घरभर पाय आपटून सराव झाला. डबी हलली नाही.

नांदेडच्या मंचावरही ती हलली नाही. पाय आपटून झाले, टाळ्या पडल्या. मग राजशेखरनी परीक्षकांना जपानी रीतीनं कमरेतून वाकून नमस्कार केला. एवढं एकच घरी कुणी करून बघितलं नव्हतं.

दोरा सुटला. डबी टोपाच्या आतून कपाळाकडे घरंगळून कडेला अडकल्याचं त्यांना कळलं. सरळ झालं तर ती जमिनीवर पडणार. हात लावावा तर सुमो पैलवान डोकं धरून उभा. ते तसेच वाकून राहिले.

"अक्षरे," ते पुटपुटले. "निसटलं."

अक्षरानं कमरेचा कंगवा काढला. घाई न करता अप्पांच्या पुढ्यात गुडघे टेकले. टोपाखाली हात घालून तळव्यानं डबी डोक्याशी घट्ट दाबली, दोन्ही हातांच्या बोटांनी दोरा ओढून गाठ मारली, मग टोप सारखा करून अंबाड्यावरून सावकाश कंगवा फिरवला. मालिकेतली ती पोरगी कुस्तीआधी असाच कंगवा फिरवायची.

"बसलं का?" राजशेखरनी वाकूनच विचारलं.

"बसलं. उठा, पण हळू."

परीक्षक ज्योत्स्नाबाईंनी माईक ओढला. "हा केस बांधायचा प्रसंग कुठल्या भागातला?"

"कुठल्याच नाही, मॅडम," अक्षरा म्हणाली. "तो आत्ताच झाला."

संध्याकाळी दामिनीनं नांदेडहून घरी सासूला फोन लावला.

"दुसरा नंबर आला, अव्वा."

"आन् पयला कुणाचा?"

"एक राक्षस होता. पंख उघडायचे त्याचे, आन् डोळ्यांत लाइट."

"लाइट होती का," पार्वतम्मा म्हणाल्या. "मग ठीक हाय. राजूला म्हणावं आता अंगात सदरा घाल, गार लागंल."