कडू पाण्याचा घडा

मित्रांनो, मिठाच्या पोत्याखाली ज्याचा जन्म गेला, असा मी एक जुना मातीचा घडा आहे. कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका कुंभाराने मला घडवले. भट्टीत माझी एक कूस दबली, म्हणून किमचीचे लोणचे मुरवायला मला कोणी घेईना. शेवटी बुनये नावाच्या नव्या नवरीने मला घरी आणले, तोंडावर दोन काठ्या आडव्या टाकल्या आणि त्यांवर मिठाचे पोते ठेवले.

समुद्राच्या मिठात खारटपणाबरोबर थोडा कडूपणाही असतो. दमट हवेत तो पाणी ओढून घेतो आणि थेंब थेंब माझ्यात पाझरतो. दोन-तीन वर्षांत वरचे मीठ कोरडे आणि चवदार होते. लोक त्या मिठाची वाहवा करतात. मला वाईट वाटत नाही, कारण बुनयेला माझी किंमत ठाऊक आहे. सोयाबीनच्या गरम दुधात माझे पाणी पळीपळीने सोडले की दूध फाटते, आणि त्याचे मऊ गोळे दाबले की टोफू होतो. वाडीत टोफू करणारे घर हे एकच.

पुढे कित्येक वर्षांनी बुनयेच्या घरी सून आली. तिचे नाव पिलरे. माहेर दूर डोंगरात, पण मोठी कामसू. सासऱ्यांची साठी दुसऱ्या दिवशी होती. तिने अंगण झाडले, भांडी घासली, आणि पोते बाजूला सारून मलाही उपडा केला. माझे दोन वर्षांचे पाणी मातीत जिरले.

दुपारी बुनये पळी घेऊन आली आणि माझ्यात डोकावली. सोयाबीन भिजून टच्च फुगले होते, उद्या पन्नास माणसे जेवायला यायची होती.

"मांजरानं लवंडलं वाटतं," ती पुटपुटली.

पिलरे गप्प राहिली असती, तर मांजरावर भागले असते. पण ती पुढे झाली. "आई, मांजरानं नाही, मीच ओतलं. पावसाचं पाणी साचलंय असं वाटलं."

बुनयेने माझ्या रिकाम्या तळाकडे पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाली, "अगं, विचारायचं तरी. तोंड आहे ना तुला?"

"चुकलंच माझं. पण त्या पाण्यात होतं तरी काय?"

"मिठातला कडूपणा. त्याच्याशिवाय दूध फाटत नाही."

पिलरेने डोळे पुसले, आणि पुसतापुसता थांबली. "आई, मीठ समुद्राच्या पाण्याचंच करतात ना? मग हा कडूपणाही तिथलाच असणार."

बुनयेने हातातली पळी खाली ठेवली. "असणार खरा. पण पातळ असेल. पळीनं भागायचं नाही, घागरी लागतील."

"मी आणते."

भरती येताच पिलरेने डोक्यावरून चार खेपा केल्या. आमच्याकडचा समुद्र गढूळ. ते पाणी त्यांनी माझ्यात भरून ठेवले. गाळ तळाशी बसला, तसे वरचे पाणी फडक्यातून गाळून घेतले. उरलासुरला चिखल फडक्यात राहिला. मीठ आणि कडूपणा पाण्यात विरघळलेले, ते पाण्याबरोबर खाली भांड्यात उतरले.

दूध उकळले. एक वाडगा पाणी पडले, काही नाही. पाच पडले, तरी दूध तसेच.

"आई, नाही होत."

"घाई करू नकोस. हळूच ढवळ."

आठव्या वाडग्याला कडेला पांढरे ढग दिसू लागले. दहाव्याला खाली पिवळसर निवळी आणि वर मऊ गोळे. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी तिसऱ्यांदा वाडगा पुढे केला. "आजचा टोफू नेहमीपेक्षा बरा झालाय गं."

"साठीला का होईना, जीभ आली म्हणायची," बुनये म्हणाली. "सूनबाईनं केलाय."

आता मी पुन्हा पोत्याखाली बसलो आहे. तळाशी बोटभर पाणी जमले आहे. मित्रांनो, अनोळखी पाणी दिसले तर ते उगाच चाखू नका, आणि उगाच फेकूही नका. घरात कोणाला तरी ठाऊक असते, त्यांना विचारा. काल मदतीला आलेली शेजारची सून भांडी घासताना माझ्याकडे वळली, तेव्हा पिलरे स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "त्याला राहू दे गं. इकडे ये, सांगते त्यात काय आहे ते."